एका अल्बमच्या मागे पाच दिवस

परीक्षणाचा जवळजवळ पूर्ण झालेला मसुदा बरोबर घेऊन मी या प्रवासाला निघाले. चौघांच्या एका नव्या ब्रिटिश इंडी (मोठ्या संगीत कंपन्यांबाहेर काम करणाऱ्या) बँडचा पहिला अल्बम एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढला होता. गाणी दहा, अवधी ३८ मिनिटांचा. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना पाठवतात तशी त्याची डिजिटल प्रत मला मिळाली होती आणि ती मी अकरा वेळा ऐकली होती. मसुद्यात तीन तक्रारी होत्या. गायिकेचा आवाज वाद्यांखाली गाडला गेला आहे, सहाव्या गाण्यानंतर अल्बम ढेपाळतो आणि आठवे गाणे मुळातच कच्चे आहे. तिन्ही मला ठाम वाटत होत्या. तरीही बँडचा दौरा मँचेस्टर, लीड्स, ग्लासगो आणि लंडन असा जाणार आहे हे कळल्यावर मजकूर हातावेगळा करण्याआधी त्यांच्या मागोमाग जायचे मी ठरवले, आणि त्याला एक जुने कारण होते.

काही वर्षांपूर्वी एका गायकाच्या कार्यक्रमाबद्दल मी लिहिले होते की त्याचा स्वतःच्या सुरांवर विश्वास नाही, प्रत्येक ओळ तो चाचपडत म्हणतो. ते छापून आल्यावर बऱ्याच महिन्यांनी मला कळले की त्या रात्री रंगमंचावरचे मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, पहिल्याच गाण्यात बंद पडले होते आणि तो माणूस तासभर निव्वळ अंदाजाने गायला होता. चाचपडणे मी ऐकले होते, ते खरेच होते. पण त्याचे जे कारण मी छातीठोकपणे छापले ते साफ चुकीचे होते. ती दुरुस्ती मी कधी प्रसिद्ध केली नाही, आणि तो सल अजून गेलेला नाही. म्हणून यावेळी प्रत्येक तक्रारीचे मूळ कुठे आहे, गाण्यात की गायनात, ध्वनिमुद्रणात की खोलीत, हे शोधल्याशिवाय लिहायचे नाही असे मनाशी पक्के केले होते. बँडचे नाव इथे देत नाही. त्यांच्याविषयीचे मत वाचकाने परीक्षणातच वाचावे, प्रवासाच्या हकिगतीतून नव्हे.

पहिला दिवस : मँचेस्टर

दुपारी पोचल्यावर मी आधी पीटर स्ट्रीटवर गेले. फ्री ट्रेड हॉलच्या जुन्या दर्शनी भिंतीमागे आता हॉटेल आहे. याच इमारतीतल्या वरच्या लहान सभागृहात ४ जून १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला होता. तो ठरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक तरुणांनी, आणि ऐकायला जेमतेम ४० माणसे आली होती असे सांगतात. पुढे आपण तिथे होतो असे म्हणणाऱ्यांची संख्या सभागृहात मावणार नाही इतकी वाढली. पण खरोखर हजर असलेल्यांत पीटर हुक आणि बर्नार्ड सम्नर होते, आणि त्या रात्रीनंतरच त्यांनी स्वतःचा बँड काढायचे ठरवले, ज्याचा पुढे जॉय डिव्हिजन झाला.

मला मात्र त्या कार्यक्रमापेक्षा त्यानंतर सात महिन्यांनी निघालेली एक तबकडी अधिक महत्त्वाची वाटते. डेव्होटो आणि शेली यांच्या बझकॉक्स या बँडने उसनवारीच्या पैशांतून चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्याच लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’ या नावाने बाजारात आणली. पहिल्या खेपेला प्रती १,००० होत्या आणि विक्री १६,००० च्या घरात गेली. तिच्या वेष्टणावर कोणते गाणे कितव्या टेकमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कितव्या प्रयत्नात, जमले आणि त्यावर नंतर काही भर घातली का, हेसुद्धा छापलेले होते. मोठ्या कंपनीशिवाय रेकॉर्ड काढता येते एवढेच त्यातून सिद्ध झाले नाही, तर ती कशी काढली हे ऐकणाऱ्यापासून लपवायचे नाही असा एक शिरस्ताही पडला. त्या वेष्टणाची आठवण मला दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडणार होती.

रात्रीचा कार्यक्रम एका तळघरात होता. शंभरेक माणसे आणि डोक्याला लागेल इतके खाली छत. चेहरे आणि हात नीट दिसावेत म्हणून मी अगदी पुढे, रंगमंचाला टेकून उभी राहिले. पाऊण तास गिटार आणि ड्रम यांचा मारा अंगावर घेतला आणि गायिकेचे ओठ हलताना पाहिले. शब्द मात्र दोन-चारच कानी आले. आठवे गाणे त्यांनी सहाव्या क्रमांकावर वाजवले आणि ते तसेच निसटले, जसे अल्बमवर निसटते. खोलीवर परतून वहीत लिहिले : ‘आवाजाबद्दलची तक्रार कायम. प्रत्यक्षातही तीच अवस्था.’ झोपताना समाधान वाटत होते, कारण आपले मत बरोबर ठरल्याचा आनंद समीक्षकाला फार लवकर होतो.

दुसरा दिवस : स्टॉकपोर्ट आणि लीड्स

सकाळी मँचेस्टरहून आगगाडीने दहाएक मिनिटांवर असलेल्या स्टॉकपोर्टला उतरले. वॉटरलू रोडवर एका साध्या विटांच्या इमारतीवर निळी पाटी आहे; स्ट्रॉबेरी स्टुडिओ तिथे होता. जॉय डिव्हिजनने १९७९ च्या एप्रिलमध्ये ‘अननोन प्लेझर्स’ हा अल्बम इथे ध्वनिमुद्रित केला, फॅक्टरी रेकॉर्ड्स या मँचेस्टरच्या लेबलसाठी. निर्माता होता मार्टिन हॅनेट, ज्याने ‘मार्टिन झिरो’ या नावाने ‘स्पायरल स्क्रॅच’चेही काम केले होते. रंगमंचावर जॉय डिव्हिजन हा कर्कश, आक्रमक, थेट छातीवर येणारा बँड होता. हॅनेटने ड्रमचा एकेक भाग वेगळा काढून घेतला, त्या काळी अगदी नव्या असलेल्या, आवाज क्षणभराने पुन्हा ऐकवणाऱ्या डिजिटल डिले यंत्रातून तो फिरवला आणि गाण्यांभोवती एक थंड, रिकामी पोकळी उभी केली. हुक आणि सम्नर यांना तो परिणाम मुळीच रुचला नव्हता. आपली गाणी कुणीतरी मवाळ करून टाकली असे त्यांना वाटले, आणि हे दोघांनीही पुढे उघडपणे सांगितले आहे. आज तोच अल्बम त्या काळातल्या इंग्लंडच्या सर्वांत प्रभावी ध्वनिमुद्रणांपैकी एक गणला जातो.

त्या पाटीखाली मी बराच वेळ उभी होते. एखादा समीक्षक १९७९ मध्ये आधी त्यांचा कार्यक्रम ऐकून मग अल्बमकडे वळला असता, तर ‘खरा बँड यात सापडत नाही’ असे लिहून मोकळा झाला असता, आणि ते विधान खोटे म्हणता आले नसते. केवळ अपुरे ठरले असते, कारण अल्बम हा कार्यक्रमाचा छायाचित्रवजा पुरावा असतो हे त्याने न तपासता गृहीत धरले असते. माझे गृहीतक याच्या बरोबर उलट होते : अल्बमवर जे खटकले तेच कार्यक्रमात दिसले, म्हणजे तो दोष बँडचा. आदल्या रात्रीच्या त्या दोन ओळी मला आता तितक्या पक्क्या वाटेनात.

संध्याकाळी लीड्स. हाइड पार्क भागातला ब्रुडनेल सोशल क्लब १९१३ चा आहे. सभासदांच्या क्लबांपैकी एक, जिथे आज इंडी संगीताचे कार्यक्रम होतात आणि बाहेरगावच्या बँडांनाही आवर्जून यावेसे वाटते. इथे मी जागा बदलली आणि खोलीच्या मागच्या भागात, मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे जिथून साउंड इंजिनिअर आवाजांचा तोल साधतो त्या टेबलाच्या, शेजारी उभी राहिले. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आले की शब्द ऐकू येत आहेत. सगळेच्या सगळे.

त्याचे कारण इतके साधे आहे की ते आदल्या रात्री सुचले नाही याची मला लाज वाटली. लहान खोलीत ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर स्वतःच्या ताकदीवर पुढच्या रांगेपर्यंत पोचतात. गायकाचा आवाज मात्र फक्त मोठ्या स्पीकरमधून येतो, आणि ते स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या रांगेच्या डोक्यावरून मागे रोखलेले असतात. रंगमंचाला टेकून उभ्या असलेल्या माणसाला म्हणूनच सगळ्यांत वाईट मिश्रण ऐकू येते. भिंतीला पाठ लावून उभे राहिले तर तिथे मंद्र स्वर साचतात आणि बेस वाजवणारा उगाच धसमुसळा वाटतो. डेस्कपाशी इंजिनिअर जे ऐकून तोल साधतो तेच आपल्याला मिळते. म्हणून कार्यक्रमाचे परीक्षण लिहिणाऱ्याने निदान अर्धा वेळ तरी तिथे काढावा असे आता मी म्हणेन.

कार्यक्रम संपल्यावर मी बँडबरोबर फिरणाऱ्या साउंड इंजिनिअरला गाठले. पस्तिशीतला, मितभाषी माणूस. बोलत असताना त्याचे हात केबलची वेटोळी घालत होते, एक वेढा सरळ आणि पुढचा आतून उलटा, म्हणजे तारेला पीळ बसत नाही. मी विचारले, “तिचा आवाज तुम्ही मुद्दाम मागे ठेवता का?”

“ती हळू गाते,” तो म्हणाला. “माइक वाढवला की तिच्या मागचा सिंबल, म्हणजे ड्रमची झांजही, त्याच माइकमधून वाढते. अजून वाढवला की शिट्टी येते. या दोन भिंतींच्या मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात तिला बसवायचे.”

“मग अल्बमवर? तिथे तर ती वेगळ्या खोलीत गाऊ शकली असती.”

त्याने वेटोळे खाली ठेवले आणि विक्रीच्या टेबलाकडे बोट केले. “रेकॉर्ड घ्या. पाठीमागे लिहिले आहे.”

मी ती घेतली. वेष्टणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की सर्व गाणी चार दिवसांत, एकाच खोलीत, चौघांनी एकत्र वाजवून घेतली आहेत आणि गायनावर नंतर कसलीही भर घातलेली नाही. माझ्या डिजिटल प्रतीबरोबर हा मजकूर आलाच नव्हता, आणि मीही तो मागितला नव्हता. म्हणजे ज्याला मी मिश्रणातली चूक समजत होते तो त्यांनी ठरवून घेतलेला निर्णय होता : सिंबल गायिकेच्या माइकमध्ये शिरणारच हे माहीत असूनही त्यांनी एका खोलीतले एकत्र वाजवणे निवडले. हा निर्णय बरोबर की चूक, यावर मला मत देता येते आणि द्यायलाच हवे. पण ‘आवाज गाडला गेला आहे’ हे वाक्य हलगर्जीपणाचा आरोप करते, आणि तो आरोप त्यांच्यावर लागू होत नव्हता. त्या रात्री वहीतल्या त्या ओळी मी खोडल्या.

तिसरा दिवस : लीड्स ते ग्लासगो

बँडची आज सुट्टी होती. मी मुद्दाम लांबचा मार्ग घेतला, सेटलवरून कार्लाइलला जाणारा, १८७० च्या दशकात डोंगर आणि दलदल पार करून बांधलेला. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल येतो तेव्हा आगगाडी वेग कमी करते आणि दोन्ही बाजूंना ओसाड माळ पसरलेला दिसतो. त्या टप्प्यात मांडीवर ती रेकॉर्ड होती आणि कानात तिचीच डिजिटल प्रत.

रेकॉर्ड खिडकीच्या प्रकाशात तिरकी धरली की तिच्यावर गाणी डोळ्यांनी वाचता येतात. जिथे आवाज मोठा तिथे खाचा विस्कटलेल्या, खडबडीत चमकतात. जिथे तो हळू तिथे पृष्ठभाग गुळगुळीत, काळाभोर दिसतो. पहिल्या बाजूवर पाच पट्टे होते आणि पाचवा, मधल्या कागदाला लागून असलेला, सगळ्यांत गुळगुळीत. उलटून पाहिले तर दहाव्याचेही तसेच. हा योगायोग नसतो. मिनिटाला ३३⅓ फेरे या ठरलेल्या गतीने फिरणाऱ्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून जितकी लांबी सरकते, त्याच्या निम्म्याहून कमी लांबी आतल्या फेऱ्यांत सरकते. तेवढ्याच सेकंदाचा आवाज कमी जागेत कोरावा लागतो, वरचे सूर चिरकतात, आणि म्हणून प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे शांत ठेवण्याची रीत पडली आहे.

आता मसुद्यातली दुसरी तक्रार माझ्यासमोर वेगळ्या रूपात आली. डिजिटल प्रतीत पाचवे शांत गाणे संपताच दोन सेकंदांत सहावे गरजत येते, आणि त्यानंतर सातवे मध्यम लयीत चालू होते, म्हणून ते उतार लागल्यासारखे भासते. रेकॉर्डवर पाचव्यानंतर शांतता असते. माणूस उठतो, तबकडी उलटतो, सुई ठेवतो, आणि सहाव्या गाण्याने दुसरा अंक सुरू होतो. मी पाचव्यानंतर कानातले यंत्र काढून ठेवले. दहा मिनिटे फक्त चाकांचा आवाज ऐकला. मग सहावे लावले, आणि ढेपाळणे गेले. निदान सातव्यापर्यंत गेले. आठवे तसेच होते : कडव्यातून ध्रुवपदाकडे जाताना सूर चढायला हवेत तिथे ते जागच्या जागी फिरतात, आणि त्यावर नुसता वेग वाढवून चढणीचे सोंग आणले आहे.

तरी इथे मला एक अडचण जाणवते आणि ती मोकळेपणाने मांडायला हवी. आजचे बहुसंख्य ऐकणारे या अल्बमला दोन बाजू आहेत हे न कळताच तो ऐकतील. त्यांना उतार जाणवेल आणि ते चुकणार नाहीत. त्यांना ‘तुम्ही चुकीच्या पद्धतीने ऐकले’ असे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. कार्लाइलला गाडी बदलेपर्यंत मी हा परिच्छेद चार वेळा लिहिला, आणि शेवटी दोन्ही ऐकणी शेजारी शेजारी ठेवली : रचना दोन अंकांची आहे, सलग ऐकताना तो जोड उघडा पडतो, आणि तो झाकण्यासाठी डिजिटल आवृत्तीत बँडने काहीच केलेले नाही.

ग्लासगोला पोचायला संध्याकाळ झाली. बॅरोलँड या कार्यक्रमगृहाची निऑनची पाटी बाहेरूनच पाहून आले. मूळ नृत्यगृह १९३४ चे, १९५८ मध्ये आगीत गेले आणि १९६० च्या नाताळच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडले. लवकर झोपले.

चौथा दिवस : ग्लासगो

इंडी संगीताच्या नकाशावर या शहराचे स्थान एका घरातून ठरले. वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका फ्लॅटमधून ॲलन हॉर्न नावाचा तरुण १९८० मध्ये पोस्टकार्ड रेकॉर्ड्स हे लेबल चालवत होता. ऑरेंज ज्यूस, जोसेफ के आणि अझ्टेक कॅमेरा हे बँड त्याच्याकडे होते आणि ऑस्ट्रेलियातून आलेले द गो-बिटवीन्ससुद्धा. लेबल फार टिकले नाही, पण पंकनंतरच्या काळात हळवेपणा, झणझणीत गिटार आणि थोडा बेसूर आवाज हीसुद्धा एक भूमिका असू शकते हे त्याने दाखवले. मी ज्या गायिकेचा हळू आवाज दोष समजून बसले होते तिची वंशावळ इथपर्यंत येते. हे ध्यानात न घेता तिच्याकडे भरदार आवाजाची मागणी करणे म्हणजे ठुमरीला ‘यात धृपदाचा भारदस्तपणा नाही’ म्हणून नापास करण्यासारखे आहे.

कार्यक्रम सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरच्या किंग टट्स वा वा हटमध्ये होता. सुमारे ३०० माणसांची खोली, वर जाणारा जिना, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर इथे वाजवून गेलेल्या बँडांची नावे रंगवलेली. १९९० मध्ये सुरू झालेल्या या जागेत ३१ मे १९९३ रोजी क्रिएशन रेकॉर्ड्स या लेबलच्या ॲलन मॅक्गी यांनी ओएसिस या बँडला पहिल्यांदा ऐकले आणि तिथल्या तिथे करार करायची तयारी दाखवली. एका कार्यक्रमावर इतका मोठा निर्णय घेणारा माणूस चुकलाही असता. पण तो स्वतः खोलीत उभा होता, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

इंजिनिअरने मला साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमापूर्वीच्या आवाजाच्या चाचणीला, बसू दिले, आणि हा या प्रवासातला माझ्यासाठी सर्वांत श्रीमंत तास ठरला. रिकाम्या खोलीत स्नेअर या ड्रमचा एक ठोका पडला की तो मागच्या भिंतीवरून परत यायचा, वरचे सूर काचेसारखे टोचायचे. मी म्हटले की सिंबल फार कडक वाटतात. तो म्हणाला, “माणसे येऊ द्या.” त्याने काहीच बदलले नाही. रात्री खोली भरली तेव्हा त्याच सिंबलची धार गेलेली होती. कोट, स्वेटर आणि शरीरे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, खालचा मात्र फारसा शोषत नाहीत. रिकाम्या खोलीत गोड लागेल असा आवाज त्याने लावला असता, तर भरल्या खोलीत तो चिखलासारखा झाला असता. माणसांसाठी जागा राखून मिश्रण करायचे, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले.

मी कानांत बोळे घातले होते. ते घालायचा मला कधीच संकोच वाटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जी मर्यादा सुचवली ती १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल अशी आहे, आणि ज्याचे कान हेच साधन आहे त्याने त्याहूनही जपून राहावे. आणखी एक कारण आहे. आवाज मोठा झाला की आपल्या कानाला मंद्र आणि तार दोन्ही टोके अधिक भरलेली वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. म्हणजे मोठ्या आवाजात सुमार गाणेही सुरेख भासू शकते. बोळे घालून एखादे गाणे ऐकले आणि तरी ते उभे राहिले, तर त्याच्या बांधणीवर माझा विश्वास बसतो. त्या रात्री सातवे गाणे उभे राहिले, पाचवेही राहिले. पाचव्याच्या वेळी तर खोलीत इतकी शांतता होती की गायिकेने ओळीआधी घेतलेला श्वास मला डेस्कपाशी ऐकू आला, आणि एका खोलीत, भर न घालता गाण्याचा त्यांचा हट्ट कशासाठी होता ते मला तिथे उमगले. तो श्वास अल्बमवरही आहे. मी अकरा वेळा ऐकूनही त्याकडे लक्ष दिले नव्हते.

आठव्या गाण्याला तिसऱ्यांदा तेच झाले. लोक एकमेकांशी बोलू लागले.

पाचवा दिवस : लंडन

सकाळच्या गाडीत मी परीक्षण नव्याने लिहिले आणि दुपारी गाडीतूनच पाठवून दिले, कारण मुदत त्या दिवशीची होती. आवाजाबद्दलच्या परिच्छेदात आता त्यांचा निर्णय, त्याची कमाई आणि त्याची किंमत असे तिन्ही होते. किंमतही मी लपवली नाही, कारण दुसऱ्या आणि नवव्या गाण्यांत शब्द खरोखरच हरवतात आणि तिथे नुसत्या तत्त्वाखातर ऐकणाऱ्याला वंचित ठेवले आहे. उताराबद्दल जे रिबलहेडच्या आसपास ठरवले होते तेच लिहिले. आठव्या गाण्याबद्दल मूळ मसुद्यातली ओळ शब्दशः ठेवली. तीन रात्रींनी ती पक्की केली होती.

संध्याकाळपर्यंत मोकळा वेळ होता म्हणून डेलावेअर रोडवर मेडा व्हेलची ती लांबलचक, बुटकी इमारत पाहून आले. मुळात ते १९०९ चे स्केटिंगचे सभागृह. १९३४ मध्ये तिथे बीबीसीचे स्टुडिओ झाले. जॉन पील यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी असंख्य बँडांनी इथे गाणी ध्वनिमुद्रित केली. रिवाज असा की एका दिवसात साधारण चार गाणी वाजवायची आणि त्याच दिवशी त्यांचे मिश्रणही पुरे करायचे. १९६७ पासून २००४ मधल्या मृत्यूपर्यंत पील यांनी असे जवळपास ४,००० प्रसंग श्रोत्यांपर्यंत पोचवले. त्यांतली अनेक रूपे अल्बमवरच्या रूपांपेक्षा वेगळी आहेत, आणि कोणते खरे असा प्रश्न जाणकार ऐकणारा विचारत नाही. मी मात्र पाच दिवस नेमका तोच प्रश्न घेऊन फिरत होते, हे त्या फाटकापाशी उभे असताना माझ्या ध्यानात आले.

रात्रीच्या खोलीत दीडशेच्या आत माणसे होती. मी सवयीने डेस्कपाशी गेले. इंजिनिअरच्या हाताशी सेटलिस्टचा, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यांच्या क्रमाचा, कागद चिकटवलेला होता, आणि त्यावर शाईने एक बाण काढून आठवे गाणे सगळ्यांत वर नेले होते. मी त्याच्याकडे पाहिले. “दुपारी बदलले,” तो म्हणाला, “तिची कल्पना.”

ती एकटीच रंगमंचावर आली. ड्रमर बाहेर, गिटार स्टँडवर. कीबोर्डवर एक लांब सूर धरून तिने ते गाणे निम्म्या लयीत सुरू केले. वेगाचे ते सोंग निघून गेल्यावर दिसले की सूर जागच्या जागी फिरतात ते मुद्दाम. गाणे एका माणसाला दारातून पाऊल बाहेर टाकता येत नाही याबद्दल आहे, आणि सूरही उंबऱ्याशी येऊन परत वळतात. चौथ्या ओळीला बाकीचे तिघे येऊन आपापल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी काहीच वाजवले नाही. कुणी बोलत नव्हते. शेवटच्या सुरानंतर दाद यायला बराच वेळ लागला, आणि आली तेव्हा ती आरडाओरड्याची नव्हती.

परीक्षण संपादकाकडे जाऊन सहा तास झाले होते. फोन करून ओळ काढायला सांगता आली असती. मी खोलीबाहेरच्या जिन्यावर बसून आठवे गाणे पुन्हा अल्बमवर ऐकले, कानांतले बोळे हातात धरून. रेकॉर्डवर ते अजूनही धावते आणि कुठेच पोचत नाही. ती ओळ अल्बमबद्दल होती आणि तिथे ती खरी होती, म्हणून मी फोन केला नाही. वहीचे नवे पान काढले, वर लंडन आणि तारीख घातली आणि कार्यक्रमाच्या परीक्षणाचे पहिले वाक्य लिहिले : ‘आठव्या गाण्याविषयी मी या अल्बमच्या परीक्षणात जे म्हटले आहे ते ध्वनिमुद्रित गाण्याला लागू आहे, काल रात्री याच गाण्याने कार्यक्रम सुरू झाला आणि त्याआधी मी ते कधी ऐकलेच नव्हते.’ आतून तिसऱ्या गाण्याचा ठेका सुरू झाला होता. वही मिटून मी परत डेस्कपाशी जाऊन उभी राहिले.